पाइपवाल्या बाईची फळी

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मी फळी फोडली.

फळी म्हणजे ह्यांची. दहा फुटी, निळी-पांढरी, पाण्यावर तिच्यावर उभं राहून वल्हवत जायचं असतं म्हणे. एप्रिलमध्ये आणलेली. नांदेडला कुठल्याशा हॉटेलवाल्याने बोटिंग बंद केलं आणि आमचे हे, टेम्पो घेऊन पाइप पोचवायला गेलेले, परत येताना ही घेऊन आले! "मंजू, सगळे मिळून तलावावर जायचं. आपल्या अक्षराला कॉलेजातून बोलवायचं. अव्वाला पण बसवायचं." असं म्हणाले आणि चौथ्या दिवशी छातीत कळ आली. दोन स्टेंट. तेव्हापासून फळी घराच्या बोळात उभी. मधे अव्वांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला आडवी करून तिच्यावर सांडगे वाळवले. "एवढा मोठा पाट हाय, वाया कशाला घालवायचा?"

तर आज स्कूटी बोळातून मागे घेताना आरशात बघायचं सोडून मी समोर बघत होते. धाडकन! फळीच्या शेपटाकडे वाटीएवढं भोक. आतला पांढरा थर्माकोल दिसतोय.

शेहेचाळीस वर्षांची बाई. आठ महिने झाले लातुरात पाइप-फिटिंगचं दुकान एकटीने चालवते, आणि गाडी मागे घेता येत नाही.

हॉलमधल्या खाटेवरून ह्यांनी विचारलं, "काय पडलं?"

म्हटलं, बादली.


२४ नोव्हेंबर, सोमवार

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा लिहिते. डायरी पाइपाच्या कंपनीने दिलेली. प्रत्येक पानावर खाली नळाचं चित्र.

फळीचं मनातून जात नाही. खरं तर फळीचं नाही, ह्यांचं.

डॉक्टर दर वेळी एकच सांगतात — जिना चढा, चाला, हवं तर पोहा, तुम्ही ठणठणीत आहात. हे मान हलवतात आणि घरी येऊन खाटेवर पडतात. उठल्यावर बोटाला ती ऑक्सिजन मोजायची क्लिप लावायची. जेवल्यावर क्लिप. बातम्या संपल्या की क्लिप. आकडा सत्त्याण्णव येतो तरी चेहरा नापास झाल्यासारखा! गच्चीवर आठ महिन्यांत पाऊल ठेवलं नाही. हा तोच माणूस, जो दुसऱ्याच्या वरातीत बोलावलं नसताना नाचायचा. दवाखान्यातून मी जिवंत माणूस घरी आणला, पण अमरनाथ काही परत आला नाही. मला तो परत हवाय. बस.

रडून झालं. समजावून झालं. एकदा भांडून ताट आपटूनही झालं — ताट स्टीलचं, त्याला पोचा आला, ह्यांच्यावर काही परिणाम नाही.

आता ठरवलंय. फळी दुरुस्त करायची आणि येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, मामांच्या रानात घेऊन जायची. पंचाक्षरी मामा, अव्वांचे भाऊ. अहमदपूरकडे त्यांचं रान आहे आणि बांधाला लागून तलाव. येळवसेला सगळं लातूर कुलूप लावून रानात जातं, तेव्हा हे घरी एकटे कसे राहतील? यावंच लागेल. निदान बघतील तरी.

पंचवीस दिवस आहेत. भोक तर वाटीएवढं. त्यात काय मोठंसं!


२९ नोव्हेंबर, शनिवार

त्यात काय मोठंसं, असं जिने लिहिलं तिला पाण्यात बुडवा.

मी पाइपवाली बाई. कुठे काय गळतं आणि ते कशाने बंद होतं, हे मला सगळं जग विचारतं. प्लास्टिकला प्लास्टिक चिकटवायचं म्हणजे पाइपाचं सोल्युशन. दिवसाला वीस डबे मी स्वतःच्या हाताने विकते. दुकान बंद केल्यावर मोठा डबा घरी आणला. भोक तोंड वर करून ठेवलं आणि सोल्युशन ओतलं.

चर्र आवाज झाला. मला वाटलं, चिकटतंय.

बघते तर भोकातला थर्माकोल खाली बसला. म्हटलं कमी पडलं. अजून ओतलं. अजून बसला. वाटीचं वाडगं झालं. मी हट्टाने ओतत राहिले. भरायला म्हणून गेले आणि मी भरेन तितकं ते रिकामं होत गेलं! वाडग्याचं पातेलं झालं.

अव्वा दारातून बघत होत्या. "अगं मंजुश्री, ते पिऊन राहिलंय!"

"पिऊ द्या. पोट भरलं की थांबेल," मी म्हटलं. खरंच असं म्हटलं मी.

तेवढ्यात मागून आवाज आला. हे. खाट सोडून, बनियनवर, बोळाच्या दारापर्यंत आलेले. माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, भोकाकडे बघितलं. आणि हसायला लागले. पहिल्यांदा नाकातून, मग पोटातून. दाराची चौकट धरून हसले.

"थर्माकोलवर सोल्युशन? अगं, विरघळतंय ते! आठ महिने झाले दुकानात बसून राहिलीस, गिऱ्हाइकाला पण हेच सांगून राहिलीस का?"

मला इतकी लाज वाटली आणि इतकं बरं वाटलं की दोन्ही एकदम सहन होईना. बोळातच रडले. अव्वांना वाटलं वासाने डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हुंगायला कांदा आणून दिला.

बादलीची थापही आजच उघडी पडली. "मला त्याच दिवशी कळालं होतं," म्हणाले. "बादली पडल्यावर बाई 'अय्यो' म्हणत न्हाई."


१ डिसेंबर, सोमवार

हे आज खुर्ची घेऊन बोळात बसले. एक तास. पहिली पायरी अशी की मी काहीही करायचं नाही.

फळी उन्हात, भोक खाली करून. आत पाणी असेल तर निथळलं पाहिजे. "ओलं ठेवून बंद केलं तर आतून सडतंय." हे म्हणाले तेव्हा मी उगीच त्यांच्याकडे बघत बसले.


४ डिसेंबर, गुरुवार

विरघळून कडक झालेलं सगळं सुरीने कापून काढलं. मग थर्माकोल कुठून? दुकानात पाण्याच्या मोटारी ज्या खोक्यात येतात ना, त्यातला! बसवंतने चार तुकडे आणून दिले. बसवंत आमचा टेम्पोवाला, वीस वर्षांपासून दुकानात आहे. त्याने फळी बघून विचारलं, "वहिनी, ही मोटार किती एचपीची?"

तुकडा मापात कापून बसवला. ह्यांनी खुर्चीतून बोट दाखवायचं आणि मी कापायचं. तीन तुकडे वाया घालवले. चौथा बसला.


७ डिसेंबर, रविवार

इपॉक्सी. दोन डबे, सारखं माप, पाच मिनिटं ढवळायचं, मग काचेच्या धाग्यांचं कापड त्यावर अंथरून परत वर लावायचं. पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारे तेच कापड वापरतात. मी आठ महिने ते कापड विकते, पण कशासाठी ते आज कळलं.

मी हातमोजे न घालता लावलं. त्यामुळे आता माझी तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना सोडत नाहीत. दुपारभर दुकानात गिऱ्हाइकाला दोन बोटांनी आशीर्वाद दिल्यासारखं सगळं दाखवत होते.


९ डिसेंबर, मंगळवार

पॉलिश पेपर मारायला घेतला. हे दोन मिनिटं बघत बसले. मग उठले. माझ्या हातातून पेपर काढून घेतला. "असं न्हाई. गोल गोल. जोर न्हाई लावायचा."

वीस मिनिटं घासत होते. कपाळावर घाम आला, पुसला आणि परत घासायला लागले. क्लिप आत टेबलावर होती. मी आणून दिली नाही.


११ डिसेंबर, गुरुवार

आज फळीचं काही नाही. आज दुकानाचं लिहिते, कारण कुणाला सांगता येत नाही.

मला हे दुकान आवडतं.

झालं, लिहिलं.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा गल्ल्यावर बसले तेव्हा एल्बो आणि टी यांतला फरक कळत नव्हता. प्लंबर हसायचे. एकाने मुद्दाम विचारलं, "ताई, डाव्या हाताचा सॉकेट आहे का?" आणि मी तो नसलेला सॉकेट अर्धा तास शोधला! आता तोच फोनवर विचारतो, "ताई, तिसऱ्या मजल्याला किती इंची टाकू?" ह्यांच्या काळात सगळा माल पोत्यांत. कुठे काय, ते ह्यांच्याच डोक्यात. मी सगळं ट्रेमध्ये लावलं, मापाप्रमाणे, आणि मार्करने नावं लिहिली. माझं अक्षर वाईट आहे पण वाचता येतं.

सकाळी शटर वर करताना जो आवाज येतो तो मला फार आवडतो. घरी चोवीस वर्षं मी कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. तेही काही वाईट नव्हतं. पण हे माझं आहे, असं मनात येतं आणि लगेच वाटतं — माझं कसलं? हे बरे झाले की त्यांचं त्यांना.

आणि ह्यांना बरं करण्यासाठी तर सगळी खटपट! मीही काय बाई आहे.


१५ डिसेंबर, सोमवार

रंग. फळी निळी, पण तो निळा रंग लातुरात कुठे मिळेना. शेवटी आमच्या गेटचा उरलेला निळा लावला. आता भर समुद्रात सोडली तरी ही फळी कुणाच्या घरची ते ओळखू येईल.


१७ डिसेंबर, बुधवार

हे काल म्हणाले, नेण्याआधी तरंगवून बघायला पाहिजे. मला हसू आलं. कशात? आमच्याकडे नळ येतो तो आठवड्यातून एकदा. ज्या गावाला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या गावची मी, आणि मला दहा फुटी फळी तरंगवून बघायचीय! शेवटी ठिगळावर ओली फडकी ठेवून रात्रभर बसवली. सकाळी मागे ओल नाही. पास.

"येताय ना येळवसेला?" मी विचारलं.

"बघू."

म्हणजे येतायत. 'नको' म्हणाले नाहीत.


१८ डिसेंबर, गुरुवार

अक्षरा आली नांदेडहून. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ठिगळ बघून म्हणाली, "मम्मी, सोल्युशन ओतलंस? हे तर आम्हाला अकरावीत होतं." मी म्हटलं, मला बारावी कॉमर्समध्ये नव्हतं.

रात्री भज्जीच्या, म्हणजे येळवसेच्या मिसळभाजीच्या, भाज्या निवडल्या. अव्वांनी आंबिलीचं पीठ भिजवलं. उद्या चारला उठायचंय.


२० डिसेंबर, शनिवार

काल लिहायला जमलं नाही. पाठ, मांड्या, खांदे आणि जिथे काही असतं हे माहीत नव्हतं अशा जागा, सगळं दुखतंय.

बसवंतच्या टेम्पोवर फळी बांधली. पाइप बांधतो तशीच, मागे लाल फडकं लावून. हे पुढे बसले, खिशात जिभेखाली ठेवायच्या गोळ्या, बोटात क्लिप. मामांनी पूजेसाठी कडब्याची कोपी, छोटी खोपच, छान केलेली. पूजा झाली, आंबील शिंपडत रानाला फेरी झाली. मग अव्वांनी फळीलाही सोडलं नाही. भस्माचे तीन पट्टे ओढले, हळदकुंकू, वर आंबील! "पाण्यात जातीय लेकरू, सांभाळ रं महादेवा."

जेवायच्या आधी पाण्यात, असं अक्षराने ठरवलं. बाजरीचे उंडे आणि खीर खाल्ल्यावर फळीच बुडली असती.

पहिली अक्षरा. बाई सरळ उभी राहिली आणि गेली की! मग मी. अक्षराची ट्रॅक पँट, वर माझा कुर्ता, त्यावर लाइफ जॅकेट. मामांच्या सुना तोंडात पदर धरून उभ्या. मी गुडघ्यांवर बसले, तिथपर्यंत ठीक. मग उभी राहिले. दीड सेकंद! अक्षरा म्हणते एक. पाणी कमरेएवढं होतं तरी मी अशी ओरडले की बांधावरचे बैल उठून उभे राहिले. सात वेळा पडले. सहाव्या वेळी चार वल्ही मारली. सातव्या वेळी ठिगळ बघायला वाकले आणि डोक्यावर आपटले. ठिगळ शाबूत.

मग अव्वा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या! "मला बसवा." कुणी हसलं तर अशा बघितल्या की हसणाऱ्याने आंबिलीत तोंड घातलं. फळीच्या मधोमध मांडी घालून बसल्या, पंगतीला बसल्यासारख्या. गळ्यातलं इष्टलिंग पदरात घट्ट बांधलेलं. अक्षरा मागून ढकलत होती आणि मी अव्वांच्या मागे बसून वल्हं मारत होते. मी उजवीकडे मारलं की फळी डावीकडे. डावीकडे मारलं की परत उजवीकडे. अव्वा जागच्या जागी फिरायला लागल्या. "अगं, मला जत्रंतल्या पाळण्यात बसवलं का काय? पुढं ने की!"

तेव्हा हे उठले.

बांधावर खुर्चीत बसलेले. उठले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली. पाण्यात आले. गुडघ्यापर्यंत. मांडीपर्यंत. कमरेपर्यंत. मला वाटलं आता थांबतील. माझ्या हातातून वल्हं काढून घेतलं. "तुला काय येतंय? सरक." मी उतरले आणि हे चढले! गुडघ्यांवर बसले, अव्वांच्या मागे, आणि वल्हं मारलं. सरळ गेली फळी. तलावाच्या पार मधोमध.

अव्वा पुढे बसून हात करून दिशा दाखवत होत्या. हे काहीतरी बोलले, अव्वा हसल्या, आवाज पाण्यावरून इथपर्यंत आला. मी कमरेपर्यंत पाण्यात उभी होते, ओली, केसांत शेवाळ. आठ महिन्यांनी मी माझा नवरा बघितला. अक्षराने मला मिठी मारली. मी तिला म्हटलं, थंडी वाजतेय म्हणून डोळ्यांतून पाणी येतंय. ती काय वेडी आहे का?

नंतर पंगत बसली. हे तिसऱ्यांदा भज्जी मागून घेत होते. मामा म्हणाले, "अमरनाथ, आता तू चांगला झालास बघ."

"हाव मामा. संक्रांत झाली की दुकानात बसतो. मंजूने लई केलं, आता तिला घरी आराम."

सगळे खूश. अव्वांनी हात जोडले. मी म्हटलं, "या की." आणि आंबिलीचा पेला तोंडाला न लावताच खाली ठेवला. इतकी छान आंबील आणि नकोशी झाली! मीही त्यांच्यासारखीच नापास चेहरा करून बसले असेन, कारण अक्षराने विचारलं, "मम्मी, काय झालं?"

म्हटलं, शेवाळ गिळलं वाटतं.


२१ डिसेंबर, रविवार

हे सकाळी कोपऱ्यापर्यंत चालून आले. एकटे. क्लिप न लावता.

मग मला म्हणाले, दुकानाची एक किल्ली माझ्याकडे दे. आणि ते ट्रे काढून टाकू आपण, पोती परत लावू. "मला डोळे झाकून सापडतंय सगळं. तुझं अक्षर वाचायला चष्मा लागतोय."

मी हसले. खरंच हसले, कारण बरोबर होतं ते.

देवासमोर उभी राहिले तर काय मागायचं सुचेना. मागितलं होतं ते तर मिळालं. एवढी स्वार्थी बाई मी असेन असं मला वाटलं नव्हतं. वाटलं होतं, थोडीशी असेन.


२३ डिसेंबर, मंगळवार

ह्यांची ट्रेडमिलवर चालवून करतात ती तपासणी झाली. नऊ मिनिटं चालले, न थांबता. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नीट बघून उद्या फोन करतो. फाइलवर नंबर माझा आहे.

दुकानात आज गर्दी. डाव्या हाताच्या सॉकेटवाला प्लंबर आला होता. "ताई, साहेब येणार म्हणे आता? बरं झालं. पण मग आम्ही विचारायचं कुणाला?"

म्हटलं, साहेबांनाच विचारा. माझ्याआधी सव्वीस वर्षं त्यांनाच विचारत होतात ना.


२४ डिसेंबर, बुधवार

अकरा वाजता दुकानात डॉक्टरांचा फोन आला. "रिपोर्ट एकदम छान आहे. काळजी करू नका. उद्यापासून कामावर जाऊ द्या त्यांना."

दुपारी जेवायला घरी गेले. हे दारात उभे, इस्त्रीचा शर्ट घालून. "काय म्हणाले डॉक्टर?"

मी म्हटलं, अजून सहा महिने आराम सांगितलाय.

हे आत गेले, खाटेवर बसले, मग आडवे झाले. मी त्यांचं ताट वाढलं, माझं वाढलं, जेवले आणि चार वाजता दुकान उघडलं.